वन लावण्यापूर्वी भूमीस विचारावे
(ब्रिटनमधील नव्या वनांच्या संमतिपद्धतीचा एक अभ्यास)

वृक्षारोपण हे सत्कृत्य आहे, याविषयी आपल्या मंदिर-परिवारात दुमत असण्याचे कारण नाही. पिंपळाचा पार, बेलाचे झाड आणि तुळशीवृंदावन यांच्या सान्निध्यात वाढलेल्या माणसास झाड लावण्याचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. १९५० साली तत्कालीन केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सवाचा उपक्रम सुरू केला. तेव्हापासून दरवर्षी जुलैच्या आरंभी गावोगावी रोपे लावली जातात आणि अनेक देवस्थानेही त्यात हौसेने भाग घेतात. किती खड्डे खणले, किती रोपे आली, किती हात लागले, याचा हिशेब नंतर वाचून दाखविला जातो. मात्र ज्या जागेत ती रोपे लावली, ती जागा झाडांसाठी योग्य होती काय, तेथे आधीपासून कोण नांदत होते, हा प्रश्न त्या हिशेबात क्वचितच आढळतो.

'मोकळ्या जमिनीवर झाडे लावावयास परवानगी कशाला हवी?' असे कोणी विचारल्यास आपण बहुधा त्याच्याच बाजूने बोलू. तोडणाऱ्याने परवाना घ्यावा हे योग्यच. लावणाऱ्याने का घ्यावा? तथापि जगात असा एक देश आहे की, जेथे ठरावीक क्षेत्रफळापेक्षा मोठे नवे वन लावावयाचे झाल्यास आधी रीतसर अभिप्राय घ्यावा लागतो, प्रसंगी संमतीही घ्यावी लागते, आणि ती न घेता लावलेली झाडे काढून टाकण्याचा हुकूमही निघू शकतो. तो देश म्हणजे ब्रिटन. ही पद्धत तेथे का निर्माण झाली, ती कशी चालते आणि तिच्यातून आपण काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

१. अनुभवाने दिलेला धडा

पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी समुद्रमार्ग रोखला, तेव्हा लाकडासाठी आपण परदेशांवर किती अवलंबून आहोत हे ब्रिटनला कळून चुकले. खाणींतील बोगद्यांना आधार देण्यासाठी लाकडाचे खांब लागत. ते न मिळाल्यास कोळसा निघेना, आणि कोळशावाचून कारखाने व आगगाड्या चालेनात. त्या काळी त्या देशाच्या भूमीपैकी केवळ सुमारे ५ टक्के भूमी वनाच्छादित उरली होती. या संकटातून १९१९ साली तेथे वनआयोग स्थापन झाला. लाकडाचा राष्ट्रीय साठा निर्माण करणे, हे त्याचे मुख्य कार्य ठरले. हेतू शुद्ध होता आणि कामही झपाट्याने झाले. आज ब्रिटनच्या सुमारे १३ टक्के भूमीवर वने आहेत. शंभर वर्षांत वनक्षेत्र दुपटीहून अधिक वाढविणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

परंतु त्या झपाट्याला दुसरी बाजू होती. लवकर वाढणारी आणि सरळ खोडाची झाडे हवी होती. म्हणून उत्तर अमेरिकेतील सिटका स्प्रूससारखे सूचिपर्णी वृक्ष डोंगरांवर सरळ रांगांत लावले गेले. वायव्य इंग्लंडमधील सरोवरांच्या प्रदेशात एनरडेल नावाचे खोरे आहे. तेथे अशी लागवड सुरू झाली, तेव्हा त्या परिसरावर प्रेम करणारे लोक अस्वस्थ झाले. मोकळे डोंगरउतार, मेंढपाळांची चराऊ राने आणि शतकानुशतके ओळखीचे झालेले भूमीचे रूप एका गडद, एकसुरी आवरणाखाली जाताना त्यांना दिसू लागले. एच. एच. सिमंड्स या धर्मोपदेशकाने या प्रश्नावर ग्रंथ लिहून लोकमत जागे केले. अखेर १९३६ साली ग्रामीण इंग्लंडच्या रक्षणासाठी झटणारी संस्था आणि वनआयोग यांच्यात समझोता झाला व सरोवर-प्रदेशाचा मध्यवर्ती, सुमारे ३०० चौरस मैलांचा भाग लागवडीतून वगळण्यात आला. वृक्षांवर प्रेम करणाऱ्यांनीच वृक्षलागवडीस हरकत घेतल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

याहून मोठा धडा स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला मिळाला. केथनेस आणि सदरलंड या भागांत 'फ्लो कंट्री' नावाचा विस्तीर्ण दलदलीचा प्रदेश आहे. वरवर पाहणाऱ्यास तो उजाड, ओला आणि निरुपयोगी वाटतो. पण पायाखाली असते ती 'पीट' नावाची माती. स्फॅग्नम जातीचे शेवाळ वाढते, मरते, पण पाण्याने भिजलेल्या त्या थंड प्रदेशात ते पुरते कुजत नाही. थरावर थर साचत जातो. त्याची वाढ वर्षाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे एक मीटर जाडीचा थर तयार व्हावयास साधारण हजार वर्षे लागतात. काही ठिकाणी हा थर कित्येक मीटर जाडीचा आहे. हवेतून घेतलेला कार्बन त्या मातीत सहस्रावधी वर्षे बंदिस्त राहिला आहे. तेथील डबक्यांच्या काठी ग्रीनशँक, डनलिन, सोनेरी प्लोव्हर असे पक्षी घरटी करतात.

१९७० च्या दशकाच्या अखेरीपासून १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत या प्रदेशात मोठ्या प्रमाणावर झाडे लावली गेली. त्याचे कारण निसर्गप्रेम नव्हते; कारण होते करसवलत. वनलागवडीवर केलेला खर्च अन्य उत्पन्नातून वजा करण्याची मुभा असल्यामुळे, तो प्रदेश कधी डोळ्यांनीही न पाहिलेल्या धनिकांनी तेथील स्वस्त जमिनी घेतल्या. नांगरांनी खोल चर खणले गेले, दलदलीचे पाणी वाहून गेले आणि कोरड्या पडलेल्या वरंब्यांवर स्प्रूस व पाइनची रोपे लागली. पाणी आटताच पीटमध्ये हवा शिरली, आणि हजारो वर्षे न कुजलेले शेवाळ कुजू लागले. त्यातून कार्बन वायुरूपाने बाहेर पडू लागला. पक्ष्यांची वस्ती गेली. झाडेही त्या ओल्या, निकस जमिनीत अनेक ठिकाणी खुरटीच राहिली.

या प्रकाराविरुद्ध मोठा आवाज उठला. १९८८ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी ती करसवलत बंद केली आणि लागवड थांबली. पुढे १९९५ साली पक्षिसंरक्षणासाठी काम करणाऱ्या तेथील राष्ट्रीय संस्थेने फॉर्सिनार्ड येथील मोठी जमीन विकत घेतली. त्यानंतर जे काम सुरू झाले, ते ऐकून आश्चर्य वाटेल. पक्षिप्रेमी संस्थेने त्या जमिनीवरील झाडे तोडावयास घेतली, चर बुजविले आणि पाणी पुन्हा अडविले. अशाने दलदल हळूहळू पूर्ववत् होऊ लागली. २०२४ साली फ्लो कंट्रीचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश झाला. जी भूमी एके काळी 'काहीच नाही' म्हणून नांगरली गेली, तीच आज मानवजातीचा वारसा ठरली आहे.

२. संमतीमागील सूत्र

वरील अनुभवांतून जे सूत्र निघाले, ते असे : झाड लावणे हेदेखील भूमीच्या वापरात केलेला मोठा बदल आहे, आणि तो बहुधा सहज परत फिरविता येत नाही. घर बांधण्यापूर्वी जसा नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो, तद्वतच वन उभारण्यापूर्वीही त्याचा परिणाम तपासला गेला पाहिजे.

या सूत्राला दोन आधार आहेत. पहिला आधार 'ब्रिटनचे वनमानक' हा. १९९८ साली ते प्रथम प्रसिद्ध झाले. त्याची पाचवी आवृत्ती २०२३ साली निघाली व १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली. जबाबदारीने वन कसे लावावे व राखावे, याचे नियम त्यात सांगितले आहेत. सरकारी अनुदान हवे असल्यास त्या नियमांचे पालन करावेच लागते. दुसरा आधार कायद्याचा. इंग्लंड व वेल्ससाठी १९९९ साली आणि स्कॉटलंडसाठी नव्याने २०१७ साली केलेल्या नियमांनुसार, नव्या वनाचा परिसरावर लक्षणीय परिणाम होण्याचा संभव असल्यास त्या परिणामाचे मूल्यमापन करून संमती घ्यावी लागते. इंग्लंडात हे काम वनआयोगाकडे आहे. वेल्समध्ये २०१३ पासून आणि स्कॉटलंडमध्ये २०१९ पासून ते त्या त्या प्रांताच्या स्वतंत्र संस्थेकडे गेले आहे.

३. संमतीच्या सात पायऱ्या

ही पद्धत वाचकांच्या ध्यानात राहावी म्हणून आम्ही ती सात पायऱ्यांत मांडीत आहोत.

पहिली पायरी हेतूची. जमीनमालकाने प्रथम स्वतःशी ठरवावयाचे असते की, हे वन कशासाठी? इमारती लाकडासाठी, पुराचे पाणी अडविण्यासाठी, पशुपक्ष्यांच्या आश्रयासाठी, की गुरांच्या सावलीसाठी? हेतू बदलला की वृक्षांची जात, त्यांतील अंतर आणि वनाचा आकारही बदलतो. याच टप्प्यावर वनअधिकाऱ्याशी बोलणे करावे, असा तेथील आग्रह असतो. कारण कागदावर काही उमटण्यापूर्वी दिलेला सल्ला सर्वांत स्वस्त पडतो.

दुसरी पायरी नकाशांची. त्या जमिनीवर वा तिच्या लगत संरक्षित निसर्गस्थळ आहे काय, प्राचीन अवशेष आहेत काय, पीट आहे काय, पायवाटेचा सार्वजनिक हक्क आहे काय, वरून विजेच्या तारा गेल्या आहेत काय, हे सर्व तपासले जाते. आपल्या गायरानासारखी सामाईक चराऊ जमीन इंग्लंडातही आहे. तेथे गुरे वा मेंढ्या चारण्याचा हक्क असलेली कुटुंबे असतात. रोपांच्या रक्षणासाठी कुंपण घालावयाचे म्हटले तर त्यासाठी वेगळी शासकीय संमती लागते. मालकी एकाची असली तरी हक्क अनेकांचे असू शकतात, हे येथे मान्य केलेले आहे.

तिसरी पायरी प्रत्यक्ष पाहणीची. नकाशावर विसंबून भागत नाही. लोखंडी सळई जमिनीत खुपसून पीटची खोली मोजतात. ती ५० सेंटिमीटरहून अधिक असेल, तर तेथे नवे वन लावू नये, असे वनमानक सांगते. फुलझाडांची पाहणी फुलांच्या हंगामात आणि पक्ष्यांची पाहणी विणीच्या हंगामात, वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत, अनेक वेळा करावी लागते. डिसेंबरमध्ये जाऊन 'येथे पक्षी नाहीत' असा निर्वाळा देता येत नाही. यामुळे कामास वर्ष लागले तरी ती दिरंगाई समजली जात नाही.

या पाहणीचे महत्त्व एका पक्ष्यावरून स्पष्ट होईल. कर्ल्यू हा लांब व खाली वाकलेल्या चोचीचा पक्षी आहे. हिवाळ्यात या जातीचे पक्षी कोकण-गोव्याच्या खाड्यांच्या चिखलातही दिसतात. जगात वीण करणाऱ्या कर्ल्यूंपैकी सुमारे चतुर्थांश ब्रिटनमध्ये वीण करतात. हा पक्षी उघड्या माळावर, जमिनीवरच अंडी घालतो. माळाशेजारी दाट वन उभे राहिले की कोल्हे आणि कावळे यांना आडोसा मिळतो व त्यांना कर्ल्यूची अंडी-पिल्ले सहज सापडतात. म्हणजे माळावर एकही झाड न लावता, केवळ शेजारी लावल्यानेही माळावरील पक्ष्याचा वंश खुंटू शकतो.

चौथी पायरी आराखड्याची. येथे वनमानकाचे आकडे उपयोगी पडतात. एकाच जातीचे वृक्ष जास्तीत जास्त ६५ टक्के. अन्य जातींचे किमान २० टक्के. स्थानिक रुंदपर्णी वृक्ष वा झुडपे किमान ५ टक्के. आणि किमान १० टक्के जागा मोकळी, जीवसृष्टीसाठी राखलेली. संपूर्ण वन एकाच जातीचे असेल, तर एकच रोग वा एकच कीड ते सर्व संपवू शकते, हे या प्रमाणामागील एक कारण आहे. २०१२ साली ब्रिटनमध्ये 'ॲश' वृक्षांच्या मर रोगाचा प्रथम उलगडा झाला. ही बुरशी बाहेरून आणलेल्या रोपांबरोबरही आल्याचे आढळले व त्याच वर्षी ॲशच्या रोपांची आयात बंद करण्यात आली. तोवर उशीर झाला होता. म्हणून रोपे कोठून आली, हाही आराखड्यातील प्रश्न आहे.

पाण्यापासूनचे अंतरही ठरलेले आहे. एक मीटरहून अरुंद ओढ्यापासून ५ मीटर, एक ते दोन मीटर रुंदीच्या प्रवाहापासून १० मीटर आणि त्याहून मोठ्या प्रवाहापासून वा तळ्यापासून २० मीटर पट्टा दाट लागवडीविना राखावा लागतो. ज्या झऱ्यातून वा विहिरीतून पिण्याचे पाणी घेतले जाते, तिच्यापासून हे अंतर ५० मीटर असते. दाट सूचिपर्णी वृक्षांची अखंड सावली ओढ्यातील जीवन खुंटविते आणि लागवडीच्या वेळी उकरलेली माती पाण्यात उतरते, हे यामागील कारण होय. प्राचीन स्मारकाभोवतीही मोकळी जागा ठेवली जाते. कारण मुळे भूमीखालील अवशेष विस्कटून टाकतात.

पाचवी पायरी शेजाऱ्यांची. आराखडा पक्का होण्यापूर्वी लगतचे शेतकरी, गावची परिषद, पाणी व निसर्ग यांची काळजी वाहणारी शासकीय खाती, पुरातत्त्वाचे जाणकार अशा सर्वांस तो दाखविला जातो. शेजारच्या घरावर सावली पडेल काय, पाटाचे पाणी तुंबेल काय, लाकूड वाहून नेणाऱ्या अवजड गाड्या गावच्या अरुंद रस्त्यावरून जातील काय, असे साधे पण महत्त्वाचे प्रश्न येथे पुढे येतात. अशा प्रश्नांची उत्तरे बहुधा शेजाऱ्यांनाच ठाऊक असतात.

सहावी पायरी अर्जाची. सर्वसाधारण भूमीवर, इंग्लंडात ५ हेक्टर व स्कॉटलंडात २० हेक्टर ही मर्यादा ओलांडणाऱ्या लागवडीसाठी परिणाममूल्यमापन आवश्यक आहे की नाही, हे विचारावे लागते. इंग्लंडातील राष्ट्रीय उद्यानांत ही मर्यादा २ हेक्टर आहे. आणि विशेष वैज्ञानिक महत्त्वाच्या स्थळी मर्यादाच नाही, म्हणजे तेथील लहानशी लागवडही विचारल्यावाचून करू नये. अर्जावर दोहोंपैकी एक अभिप्राय मिळतो : 'लक्षणीय परिणाम संभवत नाही, संमती नको' किंवा 'लक्षणीय परिणाम संभवतो, सविस्तर मूल्यमापन करून संमती घ्यावी'. दुसऱ्या प्रकारात मालकाला परिणामांचा संपूर्ण अहवाल सादर करावा लागतो व तो लोकांपुढे ठेवला जातो. इंग्लंडात वनआयोगाच्या सार्वजनिक नोंदवहीत नव्या वनांचे प्रस्ताव २८ दिवस खुले असतात. त्या मुदतीत कोणीही नागरिक आपले म्हणणे मांडू शकतो. आवश्यक ती संमती न घेता लागवड केल्यास काम थांबविण्याचा आणि भूमी पूर्ववत् करण्याचा हुकूम देता येतो.

सातवी पायरी लागवडीची आणि त्यानंतरच्या वर्षांची. तेथे नोव्हेंबर ते मार्च, वृक्ष निद्रिस्त असताना, रोपे लावतात. त्यानंतर तण काढणे, हरणांपासून व सशांपासून रक्षण करणे, मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणे, हे काम काही वर्षे चालते. इंग्लंडात २०२१ साली सुरू झालेल्या अनुदानयोजनेत लागवडीच्या खर्चाबरोबरच पुढील वर्षांच्या देखभालीसाठीही रक्कम दिली जाते. केवळ खड्डा भरल्याने वन होत नाही, हे त्या योजनेने मान्य केले आहे. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. एकदा वन उभे राहिले की १९६७ च्या वनकायद्यानुसार, काही अपवाद वगळता, ते तोडण्यासाठी परवाना लागतो आणि तोडल्यावर पुन्हा लावण्याची अटही सहसा घातली जाते. म्हणजे वन लावणारा मनुष्य केवळ आपल्यासाठी नव्हे, तर आपल्या नातवंडांसाठीही त्या भूमीचे भवितव्य ठरवीत असतो. म्हणूनच आरंभी इतकी विचारपूस.

४. एक रास्त आक्षेप

या पद्धतीवर आक्षेप घेतला जातो तो असा की, हवामान बदलत असताना झाडे त्वरेने लावावयास हवीत आणि कागदपत्रांनी तो वेग मंदावतो. आक्षेप निराधार नाही. २०२५ पर्यंत वर्षाला ३० हजार हेक्टर नवी वने लावण्याचे उद्दिष्ट ब्रिटिश सरकारने ठेवले होते. मार्च २०२४ अखेरच्या वर्षी प्रत्यक्ष लागवड सुमारे २१ हजार हेक्टर झाली. लहान शेतकऱ्यास पाहण्या आणि अहवाल यांचा खर्च जड जातो, हेही खरे.

परंतु यावर उपाय तपासणी रद्द करणे हा नसून ती सुकर करणे हा आहे. इंग्लंडात त्यासाठी दोन मार्ग काढले गेले. कमी संवेदनशील भूमीचे नकाशे तयार करून अशा ठिकाणच्या प्रस्तावांची वाट सोपी केली गेली. आणि आराखडा व पाहणी यांच्या खर्चासाठी स्वतंत्र अनुदान ठेवले गेले. जेथे धोका थोडा तेथे विचारपूस थोडी, जेथे धोका मोठा तेथे विचारपूस मोठी, हे धोरण आम्हांस सयुक्तिक वाटते. शिवाय फ्लो कंट्रीचे उदाहरण समोर आहे. तेथे घाईने लावलेली झाडे काढून दलदल पूर्ववत् करण्यास लावण्यापेक्षा कितीतरी अधिक वर्षे लागत आहेत. घाईने वाचविलेला वेळ अशा रीतीने व्याजासह परत द्यावा लागतो.

५. आपल्यासाठी बोध

आपल्याकडे झाड तोडण्यावर निर्बंध आहेत. गोव्यात १९८४ चा वृक्षरक्षणाचा कायदा आहे आणि अन्य राज्यांतही आपापले नियम आहेत. मात्र स्वतःच्या जमिनीवर झाड लावणाऱ्यास सहसा कोणी विचारीत नाही. म्हणजे जे काम ब्रिटनमध्ये कायदा करतो, ते आपल्याकडे लावणाऱ्याच्या विवेकानेच केले पाहिजे. देवस्थानांच्या विश्वस्तांवर ही जबाबदारी अधिक आहे. कारण देवाच्या नावे असलेली भूमी ते पुढील पिढ्यांसाठी सांभाळीत असतात.

आपल्या भूमीतही 'रिकामी' दिसणारी पण भरलेली स्थळे थोडी नाहीत. साताऱ्याजवळील कास पठार उन्हाळ्यात पाहिले तर काळा-तांबडा खडक आणि त्यावर बोटभर माती, इतकेच दिसते. पावसाळ्याच्या अखेरीस तेच पठार सोनकी, तेरडा, सीतेची आसवे अशा फुलांनी भरून जाते. त्या फुलांना मोकळे ऊन आणि उथळ माती हवी असते. वृक्षांच्या सावलीत ती टिकणार नाहीत. २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत कासही आहे. इंदूरच्या वाचकांस जवळचे उदाहरण द्यावयाचे तर रतलाम जिल्ह्यातील सैलाना येथे १९८३ साली तणमोरासाठी अभयारण्य स्थापन झाले. पावसाळ्यात नर तणमोर गवतातून उंच उड्या मारून मादीस आकर्षित करतो. त्याला हवे ते गवत. ज्या माळाला आपण पडीक म्हणतो, तोच त्याचा संसार होय.

पूर्वजांना या विवेकाची जाण होती. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. त्यात दोन वृक्षांमधील अंतर वीस हात उत्तम, सोळा हात मध्यम आणि बारा हात कनिष्ठ असे सांगितले आहे. म्हणजे दाटीवाटीने झाडे लावण्यास तेथेही संमती नाही. त्याच ग्रंथात देवप्रतिमेसाठी लाकूड आणावयाचे असता त्या वृक्षाची पूजा करून, त्यावर वसणाऱ्या भूतमात्रांना अन्यत्र निवास करण्याची प्रार्थना करावी, असा विधी सांगितला आहे. वृक्षावर कोणी तरी राहते, हे ज्यांनी ओळखले, त्यांच्या वंशजांनी माळावरही कोणी तरी राहते, हे ओळखणे कठीण नसावे. आणि देवराया तर आपल्यासमोर आहेतच. पुष्कळ देवराया कोणी लावलेल्या नाहीत. त्या राखल्या गेल्या. जेथे जुनी देवराई खुरटली आहे, तेथे नवी रोपे आणण्यापूर्वी गुरांची चराई व कुऱ्हाड थांबवून जुन्या बुंध्यांना व पडलेल्या बियांना फुटण्याची संधी द्यावी. अनेकदा तेवढेच पुरे होते.

६. समितीच्या बैठकीसाठी प्रश्न

लागवडीचा ठराव मांडण्यापूर्वी पुढील प्रश्न मोठ्याने वाचावेत व त्यांची उत्तरे इतिवृत्तात लिहून ठेवावीत, अशी आमची सूचना आहे.

(१) हे वन कशासाठी? एका वाक्यात सांगता येईल काय?
(२) ही जागा पावसाळ्यात, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात अशी तीन वेळा कोणी जाणकाराने पाहिली आहे काय? तेथे कोणती गवते, फुले, पक्षी आढळतात?
(३) येथे गुरे कोणाची चरतात? सरपण, गवत, पाणी कोण नेते? त्या कुटुंबांस विचारले आहे काय?
(४) विहीर, झरा वा ओढा किती अंतरावर आहे? तेथे मोकळा पट्टा ठेवला आहे काय?
(५) रोपे कोणत्या जातींची, कोणत्या रोपवाटिकेतील? एकाच जातीचा भरणा तर नाही ना? त्यांत या परिसरातील मूळच्या जाती किती?
(६) पहिली तीन वर्षे पाणी, कुंपण आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपे, हे काम कोणाच्या नावावर आहे आणि त्यास पैसा कोठून येणार?
(७) आराखडा मंदिराच्या फलकावर निदान चार आठवडे लावून लोकांच्या सूचना घेतल्या आहेत काय?

यांपैकी दोन-तीन प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील, तर त्या वर्षी लागवड न करता पाहणी करावी. एक पावसाळा थांबल्याने पुण्य कमी होत नाही. उत्तरे समाधानकारक मिळाली, तर मात्र मागे हटू नये. उजाड झालेल्या टेकड्या, धुपलेले ओढ्यांचे काठ, तोडलेल्या राया अशा जागा आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि तेथे झाडांची नितांत गरज आहे. आमच्या वाचक-कुटुंबांतील ज्येष्ठांस आपापल्या गावची भूमी पूर्वी कशी होती, हे आठवत असेल. त्यांनी ते तरुणांस सांगावे आणि तरुणांनी ते लिहून घ्यावे. येत्या वनमहोत्सवापूर्वी निदान एवढे झाले, तरी रोप कोठे लावावे आणि कोठे लावू नये, हे ठरविण्याचे निम्मे काम झाले असे समजण्यास हरकत नाही.